इंदूमावशींच्या पत्राची पोच

दळवीकाका, तुम्ही मंगळवारी जायला नको होतं. गुरुवारी तारीख होती.

हे वाक्य मी तेरा दिवस तोंडात धरून बसलेय. तुमच्या घरी आले, काकू गळ्यात पडून रडल्या, तेव्हाही ते जिभेवर होतं. गिळलं. मेलेल्या माणसाच्या दारात असं बोलत नाहीत, एवढी रीत मलाही कळते. पण आता मी माझ्या घरी आहे, दार लावलंय, आई शेजारी गेलीय. आता बोलते.

काल तुमचं तेरावं झालं आणि संध्याकाळी चाळीच्या चौकात शोकसभा. तुमचा तो फोटो लावला होता, निवृत्तीच्या दिवशी मीच मोबाइलवर काढलेला, ज्यात तुम्ही हसताय की शिंक येतेय ते कळत नाही. शेठनी हार पाठवला होता, दोन माणसांनी धरून आणावा एवढा. स्वतः आले नाहीत. पहिल्या मजल्यावरचे रावराणे बोलायला उभे राहिले. "मेहताजींनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही." टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना, तरी दोघातिघांनी वाजवल्या. आडनाव दळवी असून चाळ तुम्हाला मेहताजी म्हणायची, मालकाचा कारभारी म्हणजे मेहता या जुन्या हिशेबाने. तीस-बत्तीस वर्षं तुम्ही लालबागच्या या तीन मजली चाळीचं मॅनेजरपण केलंत, आणि कुणाला नाही म्हटलं नाही. बरोबर बोलले रावराणे. पण तुम्ही कुणाला सही करून हो तरी कधी म्हणालात? ते नाही बोलले.

मग इंदूमावशी आल्या. दुसऱ्या मजल्यावरून, वॉकर घेऊन, एकेक पायरी कठड्याला धरून. जिना उतरायला त्यांना अर्धा तास लागला, सगळे थांबून राहिले. एक झेंडूचं फूल फोटोपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "देवमाणूस होतो गो तो." तुम्हाला म्हणाल्या, काका. तुम्हाला! ज्या खोलीतून त्या उतरून आल्या ती खोली तुमच्यामुळे जायला निघालीय, आणि ती बाई तुम्हाला देवमाणूस म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वैशाली, तू बोल ना, तुझे तर ते गुरू," असं रावराणे म्हणाले तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. मी उभी राहिले असते तर शोकसभेची शोभा झाली असती.

गुरू होतात, हे मात्र खरं. ते कसं नाकारू? अकरा वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर टायपिंगच्या जोरावर जिन्याखालच्या त्या ऑफिसात आले, तेव्हा मला वाटलं होतं की भाडेकरूंवर डाफरणं हीच ही नोकरी. पहिल्याच दिवशी तुम्ही मला घेऊन तिन्ही मजले फिरलात. दारात चप्पल बाजूला काढून उभे राहायचात आणि आत या म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाहीत. म्हणालात, "जागा शेठची असेल, घर त्यांचं आहे." नळ गळतोय अशी तक्रार आली की आधी जाऊन बघायचं, मग बोलायचं. चहा घ्यायचा तर सगळ्यांकडे, नाहीतर कुणाकडेच नाही. गवाणकरांच्या घरातलं नवराबायकोचं भांडण तुम्हाला भिंतीपलीकडच्या माणसाच्या आधी कळायचं, पण ते तुमच्या तोंडून दुसऱ्या दारात कधी गेलं नाही. दुरुस्तीवाल्या कंत्राटदाराने दिवाळीला मिठाईचा खोका आणला तेव्हा तो तुम्ही त्याच्यासमोर उघडून चौकात पोरांना वाटून टाकलात, आणि त्याला म्हणालात, "आता जिन्याच्या फळ्या नीट बसव." मी बघत होते. मला वाटलं, काय माणूस आहे! घरी जाऊन आईला सांगितलं होतं, बाबांसारखा साहेब मिळालाय.

म्हणून तर राग येतो. पहिल्यापासून नालायक असतात, तर मी एवढी पेटले नसते.

वरळीच्या बीडीडीतलं ते जोडपं आठवतं? बाई नर्स होती, नवरा बँकेत. त्यांची चाळ पाडायला घेतलेली, तोवर दोन-तीन वर्षांसाठी भाड्याने खोली हवी होती, आणि आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावरची शेठची खोली रिकामी होती. त्यांनी खोली बघितली, आवडली. आडनाव सांगितलं, कांबळे. तुम्ही शेठना फोन लावलात, दोन मिनिटं "हो, हो, बरं" केलंत आणि बाहेर येऊन त्यांना म्हणालात, "अहो, त्या खोलीत गळती आहे, तुमच्या लहान मुलाला बाधेल. मी परळला चांगली बघून देतो." आणि खरंच दिलीत. आठ दिवस तुमची चप्पल झिजवून, ओळखी काढून, आपल्यापेक्षा चांगली खोली मिळवून दिलीत त्यांना. ते पेढे घेऊन आले होते.

मी विचारलं, कुठे गळती आहे? तुम्ही म्हणालात, "पोरी, त्यांना लागलं असतं ते मी लागू दिलं नाही. काम झालं ना?" मी म्हटलं, त्यांना नाही लागलं, पण शेठना तरी कुठे लागलं? शेठना कुणी सांगितलं का, की हे चालणार नाही, मी असं करणार नाही? तुम्ही चष्मा पुसत बसलात. तुमचं नेहमीचंच ते. बोलणं अडचणीचं झालं की चष्म्याला धूळ.

आणि त्याच भांडणात ते बाहेर पडलं. मी म्हटलं, "मग मला कशी ठेवलीत? मीही त्यांच्यातलीच." तर तुम्ही खाली बघून म्हणालात, "शेठना नुसतं वैशाली सांगितलंय. आडनाव विचारलं नाही त्यांनी, मी सांगितलं नाही." किती सहज! जणू माझ्यावर छत्री धरलीत. काका, मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. माझे वडील बीडीडीच्या खोलीत अकरा माणसांत वाढले, गिरणी बंद पडली तेव्हा हमाली केली, पण आपलं नाव त्यांनी कधी अर्धं सांगितलं नाही. आणि माझं तुम्ही अकरा वर्षं झाकून ठेवलंत. माझ्या पगाराच्या पाकिटावर आजही 'वैशालीताई' एवढंच असतं. माझ्या भल्यासाठी, हे मला ठाऊक आहे. तुमचं सगळं कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठीच असायचं.

बंद खोल्यांचंही तसंच.

मला आधी ते कळलंच नव्हतं. आपल्या चाळीत निम्मी घरं कोकणातली. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात दाराला कुलूप घालून गावी जातात, आणि म्हातारी झाली की तिकडेच लांबतात. कुणाची आई अंथरुणाला असते, कुणाची भातलावणी असते. आणि कायदा असा, की जुन्या भाडेकरूने सहा महिने काही कारण नसताना खोली बंद ठेवली, तर मालक ती परत मागू शकतो. म्हणून आपल्या चाळीची ती युक्ती. बंद खोलीपुढच्या दोरीवर शेजाऱ्याने आपले चार कपडे वाळत घालायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात माणसं आहेत. खरं तर शेठची नजर म्हणून तिथे बसलेले तुम्ही, पण कुणाच्या दोरीवर कुणी कपडे घालायचे ते तुम्हीच लावून द्यायचात. मला केवढं हसू आलं होतं! राणे आठ महिने मालवणला, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, आणि त्यांच्या दारात रोज बायकांचे फुलाफुलांचे गाऊन. मी म्हटलं, "राण्यांनी दुसरी केली की काय?" तुम्ही पोट धरून हसला होतात.

हसले मी. हेही सांगून टाकते. मीही हसले, आणि मलाही ते फार माणुसकीचं वाटलं.

पण मावशी वेगळ्या होत्या. इंदूमावशी परब, एकट्या, सत्तरीच्या, जन्मभर डंकावर मसाला कांडून, पुड्या भरून लेकीला शिकवलेली बाई. त्यांच्या खोलीत गेलं की अजून लाल तिखटाने ठसका लागतो. त्या घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. जिना चढता येईपर्यंत शिवडीला लेकीकडे राहायचं ठरलं. म्हणजे त्यांना युक्तीची गरजच नव्हती. त्यांच्याकडे खरं कारण होतं, अगदी कायद्याला चालेल असं. आणि नात शहाणी. तिने पत्र लिहून दिलं. माझ्या पायाचं ऑपरेशन आहे, मी मुलीकडे राहणार आहे, हा तिथला पत्ता, मी खोली सोडलेली नाही, बरी झाले की परत येणार आहे. चारच ओळी. दोन प्रती, आणि दोन्हींवर खाली 'पोच' लिहून सहीला जागा.

लेकीच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर लंगडत मावशी ऑफिसात आल्या. मी कॉम्प्युटरवर होते, तीन हातांवर.

"मेहताजी, ह्या पत्र. नातीन लिवल्यान. एक तुमका, एक माका. माझ्या कागदावर पोच देवा."

तुम्ही वाचलंत. मग हसून म्हणालात, "अहो मावशी, आपल्यात कसली पोच?"

"नात म्हणता, पोच घी."

"कॉलेजातली पोर ती, तिला चाळीतलं काय ठाऊक. तुम्ही पाय बरा करून या. शेजारच्या नलूला सांगतो, तुमच्या दोरीवर कपडे घालेल. तुमच्या खोलीला कोण हात लावतो तेच बघतो मी."

"बरां. तुमी आसास म्हणान काळजी नाय."

आणि दोन्ही प्रती तुम्ही तुमच्या खणात टाकल्यात. त्यांचीसुद्धा! त्या गेल्यावर मी म्हटलं, सही करायला काय जात होतं? तेव्हा तुम्ही दाराकडे बघून हळू आवाजात सांगितलंत. थोरल्या शेठचा दंडक आहे, भाडेकरूच्या हातात आपल्या हातचा कागद द्यायचा नाही. तरुणपणी एकदा कुणाला अशीच सही दिली होतीत, तर तीन महिने घरी बसवलं होतं तुम्हाला. काकू तेव्हा बाळंतीण होत्या. "खाल्ल्या मिठाला जागायला लागतं, वैशाली. आपण मधली माणसं. मधल्या माणसाने दोन्हीकडे गोड राहायचं."

त्या वाक्यावर आपलं भांडण कधी संपलंच नाही. मी म्हणायची, मधला माणूस म्हणजे पोस्टमन, आलेलं पत्र पोचवायचं, गोड राहायला कोण सांगतं त्याला? तुम्ही म्हणायचात, तू लहान आहेस. चाळीस उलटली माझी, काका. लहान कसली? पण त्या दिवशी मीही पुढे काही बोलले नाही. उठून त्यांच्या मागे गेले नाही, जिन्यात गाठून 'मावशी, तुमचा कागद घेऊन जा' म्हटलं नाही. माझंही मीठच होतं ना.

मावशींना परत यायला नऊ महिने लागले. जखम चिघळली, दुसरं ऑपरेशन झालं. नऊ महिने नलूने इमानेइतबारे कपडे वाळत घातले. तेवढ्यात थोरले शेठ गेले, धाकट्या शेठना चाळ पाडून टॉवर उभा करायचाय, आणि जितक्या खोल्या आधी हातात येतील तितक्या हव्यात. त्यांनी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. समोरच्या इमारतीतून रोज फोटो काढायला माणूस ठेवला. एका फोटोत निळा गाऊन मावशींच्या दोरीवर, दुसऱ्या दिवशी तोच निळा गाऊन नलूच्या अंगात. झालं! मावशी वॉकर घेऊन परत आल्या तेव्हा दारावर नोटीस चिकटवलेली. तुम्ही त्याच महिन्यात निवृत्त झालात. मला ऑफिसच्या किल्ल्या दिल्यात आणि म्हणालात, "सांभाळ. सगळ्यांशी गोड राहा."

कोर्टात तुम्ही एकदा आला होतात, नुसते ऐकायला. मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसला होतात. तो दिवस मी विसरणार नाही. मावशी उलटतपासणीला उभ्या होत्या. ऑपरेशनचे कागद होते, पण ते हॉस्पिटलातल्या दिवसांचे. शेठच्या वकिलाने साधाच प्रश्न टाकला. "तुम्ही खरंच आजारी होतात आणि परत येणार होतात, तर मालकाला कळवलं का नाही?"

"कळवलेलंय. पत्र दिलंय."

"पोच आहे?"

"नाय."

"पोच नाही. आणि कळवलं होतं, तर मग दुसऱ्याचे कपडे वाळत घालून नाटक कशाला केलंत?"

मावशींनी मान वळवून तुमच्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. मेहताजी आहेत ना, ते उठतील, सांगतील, एवढंच होतं. आणि तुम्ही तुमच्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलात. मी कोपर मारलं तुम्हाला. तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात.

काका, त्या चष्म्याच्या काचा आपटून फोडाव्यात असं वाटलं होतं मला. खऱ्या आजाराची बाई, खरं कारण, खरं पत्र, आणि तुमच्या दयाळूपणामुळे ती भर कोर्टात खोटी ठरली. तुम्ही तिला वाचवायला तिच्या दोरीवर खोटं टांगलंत आणि खरं खणात ठेवलंत. दुष्ट माणूस असतात तर तिने तुमच्यावर भरवसाच ठेवला नसता, पोच घेतल्याशिवाय हलली नसती, आणि आज तिची खोली तिची राहिली असती.

बाहेर आल्यावर रस्त्यातच मी तुमच्यावर ओरडले. लोक बघत होते. तुम्ही म्हणालात, "पुढच्या तारखेला येऊन सांगतो. खरं ते सांगतो." पुढच्या तारखेला तुमचं बीपी वाढलं. त्याच्या पुढच्या तारखेला कणकवलीला पुतण्याचं लग्न निघालं. आणि तिसऱ्या वेळी तर कमालच केलीत.

मंगळवारच्या आधीचा रविवार. तुम्हाला आठवत असेल, तर मलाही आठवतो. खण मी उपसून काढला होता, पत्र नव्हतं. मी फोन केला. म्हटलं, "पत्र कुठाय? शेठना दिलंत ना? निवृत्तीचं पाकीट घेताना ते देऊन आलात ना?" मी आणखी बोलले. म्हटलं, तुम्हाला माझ्या बापासारखं म्हणाले होते, त्याची मला लाज वाटते. मग तुम्ही म्हणालात, "ठेव फोन, वैशाली." तेच शेवटचं. मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात.

तुमच्या जाण्यात माझाही हात आहे का, हे मी कुणाला विचारू? काकूंना विचारायची छाती नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. पण रात्रंदिवस ते "ठेव फोन" कानात वाजतंय. बघा, रागावायला बसले तरी तुम्ही सुखाने रागावूही देत नाही.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. खुंटीवर तुमचा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. म्हणाल्या, "सोमवारीच स्वतः इस्त्री करून आणली होती. गुरुवारी घालायचाय म्हणाले. दोन दिवस नीट जेवले नाहीत. खिशात काहीतरी आहे, ऑफिसचं दिसतं, तू बघ." खिशात मावशींचं पत्र होतं. दोन्ही प्रती, घडीवर घडी पडून मऊ झालेल्या. म्हणजे शेठना दिलं नव्हतंत. निवृत्त होताना घरी घेऊन गेलात, फाडलं नाहीत, जपलंत. मी तुमच्यावर घेतलेला आळ खोटा होता. त्याबद्दल माफी मागते, हात जोडून मागते.

आणि मग मी घडी उलगडून खाली बघितलं. 'पोच' शब्दापुढची जागा दोन्ही प्रतींवर कोरी. उजेडाकडे धरून बघितलं, उलटं करून बघितलं. सही नव्हती.

खिशाला पेन लावलेलं होतं, काका! रविवारपासून मंगळवारपर्यंत तुमच्याकडे पेन होतं, कागद होता, वेळ होता. तुम्ही गुरुवारी खरंच येणार होतात, की नेहमीसारखा नुसता शर्ट इस्त्री केला होता? मला कधीच कळणार नाही. काकू समजतात, तुम्ही येणार होतात. मी त्यांना हो म्हटलं. मला स्वतःला तसं वाटायला हवंय, पण वाटत नाही, आणि मग तुमची एवढी आठवण येते की आणखीच संताप होतो. आज सकाळी गवाणकरांचा गळका नळ बघायला गेले, तर चप्पल बाजूला काढूनच उभी राहिले दारात. तुमचीच सवय.

तुम्ही नसताना मी काय केलं ते सांगते. त्या गुरुवारी कोर्टाने पुढची, म्हणजे उद्याची तारीख दिली, तेव्हा मावशींच्या वकीलबाईंनी मला बाहेर विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे पत्र दिलं तेव्हा? मेहताजींच्या जागी तुम्ही याल?" मी दोन दिवस मागितले. कारण मी तिथे बोलले, तर कपड्यांचंही बोलावं लागणार. ते ऑफिसनेच शिकवलं, हे सांगावं लागणार. मग बाकीच्या बंद खोल्यांचं काय? तरी शेवटी वकीलबाईंना हो म्हटलं. म्हणून गेल्या दहा दिवसांत मी प्रत्येक बंद दाराच्या माणसाला फोन लावला. मालवणला, देवगडला, गुहागरला. सांगितलं, कशासाठी गेलात, कधी येणार, ते खरं खरं लिहून पाठवा, दोन प्रती. नऊ पत्रं आली. नऊंवर मी सही केली, तारीख घातली, शिक्का मारला आणि त्यांची प्रत त्यांना परत धाडली. राण्यांनी विचारलं, "मेहताजी असते तर चाललं असतं का हे?" मी म्हटलं, मेहताजी नाहीत. नलूला सांगितलं, आता आपले कपडे आपल्याच दोरीवर. दुसऱ्या मजल्याची गॅलरी एकदम उघडीबोडकी दिसते.

आज दुपारी शेठचा फोन आला. आवाज गोड. "वैशालीताई, उद्या तारीख आहे ना त्या परबबाईची. तुम्ही ऑफिस बंद ठेवा, सुट्टी घ्या. दळवी गेले, बिचारे. जुनी माणसं गेली की जुने विषयही संपतात." मी म्हटलं, "बरं शेठ." अगदी तुमच्या स्वरात, काका. फोन ठेवला आणि माझीच मला शिसारी आली. नंतर कळलं, सुट्टी तर त्यांनीच दिलीय, आता कोर्टात जायला रजा मागायची गरज नाही. परवा नोकरी नसेल. माझ्या बारावीतल्या पोरीला सांगितलंय मी. ती म्हणाली, "मग काय, दुसरी शोध." तिच्या एवढ्या वयात मला हे सुचलं नसतं.

शेठचा वकील विचारेल, इतके दिवस गप्प का होतात? मी सांगणार आहे. मी शिकले ते सगळं तुमच्याकडून शिकले, उंबरठ्याबाहेर उभं राहणंही आणि तोंड मिटून बसणंही, असं सांगणार आहे. रमाकांत दळवी यांनी माझ्यासमोर पत्र घेतलं, वाचलं आणि पोच दिली नाही, हे तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. पत्र दाखवणार आहे. चाळीतली माणसं ऐकतील, काकूंपर्यंतही जाईल ते. देवमाणूस म्हणून तुम्हाला काल मिळालेला झेंडू उद्या सुकेल. त्याला माझा इलाज नाही. मावशींना खोली हवीय, काका. त्यांना तुमचा चांगुलपणा राहायला पुरत नाही.

काल शोकसभेत माझं बोलायचं राहिलं होतं. ते उद्या सकाळी अकराला आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केल्यावर पहिला प्रश्न नावाचा असतो, पूर्ण नाव सांगा म्हणतात. तारीख महत्त्वाची, म्हणजे शेठ समोरच बसलेले असणार. मी त्यांच्याकडे बघून सांगेन.

वैशाली भीमराव साळवे.